कामठीत कोळसा नाही

नोकरीची एकतीस वर्षं मी दगडाच्या पेट्या उघडण्यात घालवली. कोळसा शोधायला जमिनीत भोक पाडायचं, आतून निघालेला दगडाचा दांडा (आमच्या बोलीत कोअर) पेटीत ओळीनं मांडायचा, आणि भूवैज्ञानिकानं, म्हणजे मी, उकिडवं बसून तो वरून खाली वाचत जायचा. इतक्या मीटरपासून इतक्या मीटरपर्यंत काय, रंग कोणता, कण जाड की बारीक. वणी, वरोरा, भद्रावती, बल्लारपूर. वर्धा खोऱ्यातल्या कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांत बसून मी असे किती हजार मीटर वाचले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. गुडघ्यांनी ठेवलाय.

खोऱ्यात वरून खाली जाताना क्रम साधारण ठरलेला. आधी काळी माती. कुठेकुठे तिच्याखाली डेक्कन ट्रॅपचा काळा दगड. मग कामठी: लाल, पिवळा, मधूनच जांभळट वाळूचा दगड, त्यात गारगोट्यांच्या रांगा, अधेमधे लाल चिकणमातीचे पट्टे. तो संपला की राखाडी-पांढरा बराकार, आणि बराकारात कोळशाची सीम, म्हणजे थर. पगार बराकारचा मिळायचा. कामठी नुसता ओलांडायचा.

आणि ओलांडताना तो छळायचा. कामठीचा वालुकाश्म ठिसूळ, भोकाभोकांचा. ड्रिलिंग करताना बिट थंड राहावं म्हणून वरून पाणी सोडतात, ते दगडाचा भुगा घेऊन परत वर येतं. कामठीत ते परत यायचंच नाही. 'साहब, पानी भाग गया' हे वाक्य मी रात्री दोन वाजता, थंडीत, कानटोपी घालून इतक्या वेळा ऐकलंय की आजही झोपेत ऐकू येतं. मग भोकं बुजवणाऱ्या बेंटोनाइट मातीची पोती ओता, केसिंग घाला. एकदा भोक आतून ढासळलं आणि शंभर मीटर खाली रॉड अडकला. चार दिवस तो निघेना. चार दिवस मी त्या लाल दगडाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. वहीत शंभर मीटर कामठीला चार ओळी, शेवटी एक शब्द: बॅरन. कोळसा नाही. बराकारची मात्र दहा सेंटिमीटरची पट्टीसुद्धा वेगळी मांडायची.

निवृत्तीनंतर एका कॉलेजात मुलांशी बोलायला बोलावलं होतं. एका मुलीनं विचारलं, 'सर, कामठीत कोळसा का नाही?' मी म्हणालो, 'त्या वेळचं डिपॉझिशनल एन्व्हायर्नमेंट वेगळं होतं.' ती बसली. वहीत लिहूनही घेतलं. घरी येताना बसमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली. हे म्हणजे 'पोटात का दुखतंय?' याला 'पोट बरं नाही म्हणून' असं उत्तर देणं झालं.

तेव्हापासून वाचायला लागलो. म्हणून हे लिहितोय.

आधी एक खुलासा. कामठी हा एका वयाचा दगड नाही. त्याचा खालचा भाग पर्मियन काळातला, म्हणजे ट्रायासिकच्या आधीचा. नागपूरजवळच्या कामठी आणि सिलेवाड्याच्या दगडखाणींमध्ये ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं सापडली ती त्यातलीच. वरचा भाग ट्रायासिकच्या सुरुवातीपर्यंत येतो. म्हणजे माझ्या त्या चार ओळींमध्ये कुठेतरी, या दोन काळांच्या सांध्यावर, पृथ्वीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मृत्यू गेला होता, आणि मी तिथे बॅरन लिहून चहा प्यायला उठलो होतो.

ट्रायासिकच्या त्या पहिल्या तुकड्याला इंडुअन म्हणतात. नाव परकं वाटतं, पण आहे आपल्या सिंधूचं. १९५६ साली किपारिसोवा आणि पोपोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते दिलं, सिंधूकाठच्या मिठाच्या डोंगररांगेतले, आता पाकिस्तानात असलेले, थर डोळ्यांसमोर ठेवून. पुढच्या तुकड्याला त्यांनी सायबेरियातल्या ओलेनेक नदीचं नाव दिलं. इंडुअन सुरू होतो २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वी. जुन्या तक्त्यांत तो जेमतेम सात लाख वर्षांचा होता, अलीकडच्या मोजणीत वीस लाखांच्या आसपास जातो. भूशास्त्रात हे काहीच नाही. माझ्या कोअरमध्ये एवढा काळ कधी हातभर दगडात बसतो, कधी नुसत्या एका रेघेत, जिथे दगड साचलाच नाही.

त्याची खालची सीमारेषा जगासाठी कुठे धरायची हे २००१ मध्ये ठरलं: चीनच्या झेजियांग प्रांतातलं मेइशान. तिथल्या चुनखडीत २७-क क्रमांकाच्या थरात हिंडिओडस पार्व्हस नावाच्या, बाम माशासारख्या दिसणाऱ्या जिवाचे सूक्ष्म दात पहिल्यांदा दिसतात, तिथून ट्रायासिक. इंडुअनची वरची सीमा कुठे धरायची या शर्यतीत आपल्याकडचं एक गाव बरीच वर्षं आहे. हिमाचलात स्पितीच्या पिन खोऱ्यातलं मुद. भारत आणि ऑस्ट्रियाच्या भूशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये तसा रीतसर प्रस्ताव मांडला होता. पिन-भाबाचा ट्रेक करणारी मंडळी त्याच गावात मुक्काम टाकतात आणि सकाळी त्या थरांना पाठ करून निघून जातात. मी नावं ठेवत नाही. मी तर त्यातून आरपार भोकं पाडली.

मेइशानच्या त्या रेघेच्या किंचित खाली ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट चिकणमातीसारखा थर आहे. त्याच्या आसपास समुद्रातल्या दर दहा जातींतल्या आठ-नऊ जाती संपतात. राखेतल्या झिरकॉन स्फटिकांचं वय काढून २०१४ मध्ये हिशेब मांडला गेला तो असा: हा सगळा प्रकार साधारण साठ हजार वर्षांत उरकला. कारण सायबेरियातले लाव्हाचे लोट. आपल्या सह्याद्रीच्या ट्रॅपचा भाऊबंदच तो, पण अठरा कोटी वर्षांनी थोरला आणि अंगानं कितीतरी दांडगा. सगळा लाव्हा वर आला नाही. बराचसा तुंगुस्का खोऱ्यातल्या थरांमध्ये आडवा शिरला, आणि त्या थरांत काय होतं? मीठ, चुनखडी, आणि कोळसा. तो कोळसा भाजला गेला, जळला. त्याचा धूर हवेत.

इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. बायकोनं विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, ओळखीचं काम आहे.

मग उष्णता. इंडुअन आणि त्यामागून आलेल्या ओलेनेकियनमध्ये विषुववृत्तालगतच्या समुद्राचं वरचं पाणी अधूनमधून चाळीस अंशांच्या जवळ पोचलं असावं, असं त्या सूक्ष्म दातांमधल्या ऑक्सिजनवरून काढलंय. चंद्रपूरकरांना चाळीस ऐकून काही वाटणार नाही. आमच्याकडे तेवढं मार्चअखेर होतं. पण हे हवेचं नाही, समुद्राचं तापमान आहे. गरम पाण्याची बादली भरून त्यात हात घालून बघा, आणि त्यात मासे आहेत असं समजा.

आता त्या मुलीचा प्रश्न. कोळसा होण्यासाठी दलदलीत झाडं पडत राहावी लागतात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि कुजण्याआधी बुडावी लागतात. आपला बराकार, राणीगंज, सगळा गोंडवाना कोळसा मुख्यत्वे ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांचा. ती झाडं पर्मियनच्या शेवटी संपली. तशी दलदल पुन्हा बसवणारी झाडं यायला ट्रायासिकचा मध्य उजाडला. या मधल्या काळातला कोळसा जगात कुठेच नाही. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चीन, भारत, कुठेही जा. जवळपास एक कोटी वर्षं पृथ्वीनं कोळसा केला नाही. याला 'कोल गॅप' म्हणतात, आणि एकतीस वर्षं कोळशावर जेवलेल्या माणसाला तो शब्द साठीनंतर कळला.

आमच्या खोऱ्यात ही रेघ स्वच्छ दिसत नाही, कारण कामठीचा खालचा पर्मियन भागही कोरडाच आहे, त्याची कारणं वेगळी. दिसते ती दामोदर खोऱ्यात. ट्रेनिंगच्या निमित्तानं मी आसनसोलला तीन आठवडे होतो. तिथे राणीगंज थरांमध्ये एकावर एक कोळशाच्या सीम येतात, आणि त्यांच्यावर पंचेत. पंचेतच्या डोंगरावरून नाव पडलेला, हिरवट-लाल माती आणि वाळूचा दगड. सीम बंद. आमचे शिकवणारे पंचेत धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून म्हणाले होते, 'याच्या वर आपलं काम नाही.' सगळे हसलो आणि जेवायला गेलो. त्याच पंचेतमधून एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या हाडांवरून इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलेनं १८६५ मध्ये एका प्राण्याचं वर्णन केलं, जो पुढे लिस्ट्रोसॉरस म्हणून ओळखला गेला.

त्याच्याकडे येतोच. त्याआधी ओबीचा डोंगर.

खुल्या खाणीत कोळशाच्या वरचा दगड-माती काढून बाजूला टाकतात. ओव्हरबर्डन, ओबी. वणीच्या रस्त्यानं जाताना जे सपाट डोक्याचे डोंगर दिसतात, ते हेच. त्यात निम्मा-शिम्मा कामठीच असतो. एका साली पावसाआधी एका डंपच्या एका बाजूला गवत आणि सुबाभूळ लावून झाली होती, दुसरी बाजू उघडी राहिली. सप्टेंबरात मी दोन्हीकडून चालत गेलो. लावलेल्या बाजूला पाणी एका-दोन चरांतून, गढूळ पण शहाण्यासारखं उतरलं होतं. उघड्या बाजूला माणूस उभा मावेल अशा घळी पडल्या होत्या. पाणी एका वाटेनं गेलंच नव्हतं. दहा वाटा फोडून, गोटे-वाळू ओढत, खाली येऊन पंख्यासारखं पसरलं होतं. खालच्या शेतातली पऱ्हाटी वाळूत गुडघाभर गाडली गेली. त्या शेतकऱ्याच्या चपला बांधावर होत्या आणि तो वाळूत अनवाणी उभा राहून एकेक झाड हातानं मोकळं करत होता. मला बघून काही बोलला नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यात नद्यांचं नेमकं हेच झालं. तिथे पर्मियनच्या नद्या वळणं घेत, काठ धरून वाहायच्या. सीमारेषेच्या वर त्या एकाएकी वेणीसारख्या फुटतात: अनेक उथळ पात्रं, वाळूच वाळू. काठ धरून ठेवणारी मुळंच गेली होती. २००० साली तो शोधनिबंध आला. मी तो वाचला तेव्हा डोळ्यांसमोर कारू आलंच नाही, त्या वाळूतली पऱ्हाटी आली.

तर लिस्ट्रोसॉरस. डायनोसॉर नव्हे; ते अजून यायचे होते. हा आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, लांबच्या चुलत घराण्यातला. डुकराएवढा, ठेंगणा, कासवासारखी चोच, वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. झाडपाला खाणारा. नावाचा अर्थ 'फावडं-सरडा', आणि तोंड पाहिलं की नाव पटतं. दिसायला कुणीही त्याला राजा म्हणणार नाही, पण इंडुअनमध्ये जमिनीवर जिकडेतिकडे तोच होता. कारूच्या काही थरांत हाड सापडलं की ते याचंच असणार असं धरून चालतात. भारत, चीन, रशिया, सगळीकडे तो. १९६९ मध्ये तो अंटार्क्टिकात सापडला, आणि खंड एकेकाळी जोडलेले होते हे न मानणाऱ्यांची बोलती बरीचशी बंद झाली. हा पोहून अंटार्क्टिकाला जाण्यातला नव्हता. सापडला त्या जागेचं नाव कोलसॅक ब्लफ, कोळशाच्या पोत्याचा कडा. आमच्यापैकी कुणी ठेवलं असतं तरी याहून बरं ठेवता आलं नसतं.

तो कसा तगला याची कारणं पुष्कळ सांगतात. मिळेल ते खायचा, लवकर वयात यायचा, बिळं करायचा. मला आवडलं ते सुळ्यांचं प्रकरण. त्याचे सुळे जन्मभर वाढत राहायचे, झाडाच्या खोडाला असतात तशी वलयं त्यांत पडायची. अंटार्क्टिकातल्या सुळ्यांच्या चकत्या करून २०२० मध्ये दोघा संशोधकांनी त्या कारूतल्या सुळ्यांशी ताडून पाहिल्या. अंटार्क्टिकातल्यांत वलयं दाटीनं, मधूनच वाढ खुंटल्याच्या जाड रेघा. ध्रुवाजवळच्या लांब अंधाऱ्या हिवाळ्यात तो जवळपास झोपून काढत असावा. दगडाची चकती करून वलयं वाचायची. मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो तर मला कुणी परकं समजणार नाही.

आणि एक बीळ. याचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग डोंगरात मातीनं भरून दगड झालेलं एक बीळ मिळालं. आत काही हाडं दिसत होती, एवढंच. फोडायचं कसं? राहून गेलं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरणांच्या यंत्रात, त्याचे क्ष-किरण काढले, तर आत दोन जीव. एक थ्रिनॅक्सोडॉन, मुंगसाएवढा, सस्तन प्राण्यांच्या वाटेवरचा, आणि त्याला खेटून ब्रूमिस्टेगा नावाचा बेडकांच्या लांबच्या गोतातला, सॅलमँडरसारखा प्राणी. बीळ थ्रिनॅक्सोडॉनचं. पाहुण्याच्या काही बरगड्या मोडलेल्या, पण सांधायला लागलेल्या, म्हणजे मोडून काही आठवडे झालेले. दातांचे व्रण मारल्यासारखे नाहीत. लिहिणाऱ्यांचा अंदाज असा की घरमालक उन्हाळझोपेत असावा आणि हा जखमी जीव आत शिरला असावा. मग पूर आला, गाळ आत शिरला. दोघं तसेच राहिले.

मी याला मैत्री वगैरे म्हणणार नाही. बाहेर राहण्यासारखं नव्हतं एवढंच त्यातून कळतं.

आपल्याकडचं असं काही? आहे, आणि ते मला आधी माहीत असायला हवं होतं. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, ते स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसारासाठी आले आणि दगडांच्या नादी लागले. नागपूरच्या दक्षिणेला साठ मैलांवरच्या मांगली गावच्या दगडखाणीतून त्यांनी एक कवटी मिळवून लंडनला पाठवली. तिथल्या रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानं १८५५ मध्ये तिचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. तळहाताएवढी, चपटी, रुंद, डोळ्यांच्या खोबणी पार पुढे तोंडाशी. पाण्यात दबा धरून बसणारा उभयचर. या घराण्यातल्या जगभरच्या प्राण्यांना आज ब्रॅकिऑपिड म्हणतात, ते या मांगलीकरावरून. तिथलाच आणखी एक जीव एस्थेरिया मांगालिएन्सिस: शिंपल्यासारख्या दोन झाकणांतला नखाएवढा झिंगा. त्याचे भाऊबंद आजही पावसाळी डबक्यांत होतात. डबकं आटलं की अंडी मातीत सुकी पडून राहतात, पुढच्या पावसाची वाट बघत. मांगलीचे हे थर ट्रायासिकच्या आरंभाचे मानतात. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना फुगलेल्या नाल्यात बुडून गेले.

गेल्या डिसेंबरात एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन मी मांगली शोधायला निघालो. या भागात दर तालुक्यात एक मांगली असावी. पहिल्या मांगलीत नुसता ट्रॅप आणि कपाशी निघाली, अख्खा दिवस गेला. दुसऱ्या मांगलीत नाल्याच्या काठाला तांबूस वाळूचा दगड उघडा दिसला, पातळ पातळ पापुद्र्यांचा. मी बसलो. सवयीनं जीभ लावून पाहिली, कण चावून पाहिला. कवटी काही मिळाली नाही, नखाएवढं कवचही नाही. तरी तासभर उठवेना. पहिल्यांदाच मी हा दगड खाली काय आहे ते न विचारता बघत होतो.

शेजारच्या शेतातले बुढे बाबा बांधावर येऊन उभे राहिले.

'काय पाहून राहिले जी? धन हाय का?'

'नाही बाबा, दगड पाहतोय.'

'कोयसावाले हा का?'

'होतो. आता रिटायर.'

त्यांनी जरा वेळ माझ्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं. मग विचारलं, 'मंग सांगा ना, इथं हाय का कोयसा?'

मला त्या मुलीची आठवण झाली. जंगल, सायबेरिया, वेणीसारख्या नद्या, सगळं तोंडाशी आलं. म्हटलं, 'या दगडात नाही.'

'आन् खालते?'

सहकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. 'खाली फार खोल आहे. इथं कुणी येणार नाही.'

'तं वाचलो म्हना,' बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. शेजारच्या दोन गावांची शेतं गेलेली त्यांनी पाहिली होती.

मी विचारलं, बोअरला पाणी कसं आहे.

'आटत नाही जी. उनाळ्यातबी नाही.'

तेवढ्यात लाइन आली. मोटार सुरू करायला ते तुरीतून लगबगीनं निघून गेले. पाइपातून आधी हवा आली, मग थोडी तांबडी वाळू, मग स्वच्छ पाणी.